खिंडीतला उमेदवार

कॅमेरा दिसला की आप्पांचे हात आपोआप जोडले जात. लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोतही ते वहिनींच्या शेजारी मत मागायला आल्यासारखे उभे आहेत. मूळचे वैरागचे. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान. दुकानाच्या पाटीपेक्षा वरचा फ्लेक्स मोठा : 'भावी नगरसेवक'. मी गल्लीत राहायला आलो तेव्हाही ते भावीच होते. पुढे माझ्या मुलीचे शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले. आप्पा अजून भावीच.

मध्यंतरी पक्षातून निरोप आला, या वेळी तिकीट धडधाकट माणसाला. साठी ओलांडलेल्या आप्पांना ते फार लागले.

"म्हातारा म्हनत्यात मला! हिमालयात जाऊन फोटोच टाकतो. सर, तुमी चला की."

मी निवृत्त प्राध्यापक. नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलेले नव्हते.

हिमाचलातल्या एका गावातून निघून, उंच खिंड ओलांडून संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावात उतरायचे होते. वाट दाखवायला त्या पलीकडच्या गावच्या डोल्मादीदी. तोवर आम्ही दोघांनी चढलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे रेल्वेचा पूल. आप्पांच्या पाठीवर सॅक आणि खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स. त्यावर जोडल्या हातांचे आप्पा, 'हिमशिखरावरही प्रभागाच्या सेवेत!' आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, न विचारता छापलेला मी.

वाटेत भेटेल त्याला आप्पा नमस्कार करून "कुछ अडचण है क्या?" असे विचारत. एका म्हाताऱ्याने खरोखरच तुंबलेला पाट दाखवला. आप्पांनी बाह्या सरसावून दगड काढायला घेतले. डोल्मादीदींनी मला हळूच विचारले, "नेता हैं?"

"हाँ."

"जीते हैं?"

"अभी नहीं."

"तभी," त्या म्हणाल्या.

चढ वाढला तशी हवा विरळ झाली. दर वळणावर आप्पा थांबत, पण दमलो म्हणत नसत. "निसर्ग बघाय थांबलोय," म्हणत. समोर नुसता धोंडा असला तरी बघत.

खिंडीत पोचलो आणि ढग उतरले, गारा सुरू झाल्या. डोल्मादीदी म्हणाल्या, लगेच उतरायचे. हवामान बिघडले आहे, पुन्हा वर येणे जमणार नाही. तिकिटाची बैठक त्याच आठवड्यात होती. आप्पांनी घाईने फ्लेक्स उलगडला. "दीदी, फोटो! सर, त्ये टोक धरा."

मी टोक धरले आणि तिथेच बसलो. डोके फुटेल असे ठणकत होते. सकाळचे खाल्लेले बाहेर आले.

"सर, दोन मिन्टं उबं ऱ्हावा की."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. फ्लेक्स माझ्याभोवती गुंडाळला, दोऱ्या आवळल्या आणि माझी सॅकही स्वतःच्या पाठीवर घेतली. डोल्मादीदींनी मोबाइल काढला होता.

"ऱ्हाऊ द्या. फोटो नको. खाली चलो."

दोघांनी मला मधे धरून उतरवले. "डोळं मिटू नका," आप्पा बजावत होते, "मिटलं तर भाषन करीन." मी मिटले नाहीत, तरी त्यांनी केले. ड्रेनेज, पथदिवे, आठवड्यातून एकदा येणारे पाणी. इतकी वर्षे चुकवलेले ते भाषण मी शेवटपर्यंत ऐकले. पळायला पायच नव्हते.

उंची कमी झाली तसा मी माणसांत आलो. डोल्मादीदींच्या घरी खारट चहाबरोबर आप्पांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. सकाळी दीदी गोठ्याच्या गळक्या छपराकडे बघत होत्या, मग फ्लेक्सकडे. त्यांना मागावे लागले नाही. आप्पा स्वतःच फ्लेक्स घेऊन वर चढले.

"तोंड दुमडू देऊ नका," मला खालून दोरी ओढायला लावत ते एवढेच म्हणाले.

तिकीट अर्थातच दुसऱ्याला गेले. दुकानावरचा 'भावी'ही आप्पांनी उतरवला. गल्ली हळहळली; एवढा जुना फ्लेक्स दुसरा नव्हता.

हिवाळ्याच्या तोंडावर डोल्मादीदींनी फोटो पाठवला. मी तो दुकानात नेऊन दाखवला. छपरावर हात जोडलेले आप्पा, कडेला शुभेच्छुक मी, आणि खाली कोरड्या जागेत दाटीवाटीने बसलेल्या शेळ्या.

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"हितं तरी निवडून आलो की," ते म्हणाले, आणि फोनसमोर हात जोडले.