‘चांगलं’ म्हटल्यावर

४ फेब्रुवारी १९७४, सकाळी आठ वाजता, माधवनगरच्या गिरणीत मी एका विणकराला म्हणालो, “कापड चांगलं निघालंय.” मागखात्याचा मी मास्तर. सहा वर्षांत त्याला माझ्याकडून केवळ बोलणी मिळाली होती. शेजारच्या मागावरचा गडी कौतुकाने दुप्पट काम करी. याला रागावल्यावाचून काम होत नाही, असा माझा समज होता.

दुपारच्या सुटीत तो डबा न उघडताच माझ्यापुढे उभा राहिला.

“आवं मास्तर, मला काडणार हायसा व्हय?”

“कोण म्हणालं?”

“तुमीच की. काडायच्या आदी आसंच ग्वाड बोलत्यात. पोरीचं लगीन ठरलंय वो.”

तो खोटे बोलत नव्हता. कामावरून कमी करताना आधी कामाची स्तुती करावी, ही आमची रीत होती. मीही ती पाळली होती.

“कुणी काढत नाही. कापड चांगलं होतं, म्हणून म्हणालो.”

तो हलेना.

“काठाचे दोन धागे तुटलेत, ते दिसत नाहीत? डोळे घरी ठेवून येतोस काय? जा, जेव आधी.”

“हां, आता कसं!” तो हसला आणि जेवायला बसला.

पाळी सुटल्यावर त्याच्या मागाचा सैल पट्टा मिस्त्रीला न बोलावता मी स्वतः आवळला.