बैठकीमागचं नाव

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती साच्यातून बाहेर आली की बैठकीच्या मागच्या बाजूला, ओल्या मातीतच, काडीने कारखान्याचं नाव कोरायची पद्धत होती. हे काम वडील दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्याला कारण होतं. एका वर्षी ते मुंबईत एका दुकानात शिरले आणि त्यांना आपलीच मूर्ती दिसली. मागचं नाव खरवडून, वर सोनेरी रंग मारून, दुकानदाराने आपली चिठ्ठी चिकटवली होती. वडील उपाशीपोटी परत आले आणि अंगणात उभं राहून त्यांनी त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी तेव्हा शाळेत होतो. पण तो राग माझ्याही अंगात उतरला असावा, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

नव्वदीचं दशक सरता सरता परदेशातली मंडळी मूर्ती मागवू लागली आणि मला वेबसाइटचं खूळ लागलं. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, इंटरनेट तर मी पाहिलंही नव्हतं. कुणीतरी सांगितलं, रोह्याला एक मॅडम कॉम्प्युटरचा क्लास चालवतात, त्या करून देतील. मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी. तिचे वडील भातशेती करणारे, ही घरात पहिलीच शिकलेली. कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा पिशवीत घालून ती एसटीने पेणला आली.

मला घाई होती. रंगाचं काम अर्धंच झालं होतं, तरी मी म्हणालो, "काढा फोटो, कोण बघतंय एवढं!"

"दादा, डोळ्यांची आखणी झाली नाय अजून," ती म्हणाली. "बिनडोळ्यांचा बाप्पा दाखवायचा लोकांना? मी परत येईन."

खरं तर हे मी तिला सांगायला हवं होतं. आखणी होईपर्यंत ती आणखी दोनदा आली. पुढे महिनाभराने तिने मला रोह्याला बोलावलं. इंटरनेटसाठी टेलिफोनवरून मुंबईचा नंबर लावून, तो तीनदा तुटल्यावर पुन्हा जोडून, तिने पडद्यावर आमचं पान उघडलं. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत गेला. आधी मुकुट, मग कपाळ, मग डोळे. माझ्या अंगावर काटा आला. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: तिचं नाव आणि पुढे रोहा. पानाचा एक छापील कागद तिने मला दिला.

तो कागद मी मिरवत होतो. आमच्या मूर्ती परदेशी पाठवणारा मुंबईचा व्यापारी आला, त्यालाही दाखवला. तो तळाची ओळ वाचून हसला. "रोह्यात पोहे होतात शेठ, वेबसाइट कधीपासून व्हायला लागल्या? बाहेरची माणसं काय म्हणतील, गावठी काम!"

मला लाज वाटली. कशाची, ते आजही धड सांगता येत नाही. मी लगेच मॅडमना फोन करून ओळ काढायला सांगितलं.

 पलीकडून ती म्हणाली, "दादा, तेवढी ओळ राहू द्या ना. पयलंच काम हाय माझं. ते बघून दुसरी कामं मिळतील."

"सीझन झाल्यावर बघू," मी म्हणालो. तिने ओळ काढली. व्यापाऱ्याला मी सांगून टाकलं, मुंबईच्या माणसांकडून पुन्हा करून घेतलंय. तोही खूश झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण पावसाळ्यात रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीतून फोन आला. त्यांना वेबसाइट करून घ्यायची होती. तिथले साहेब म्हणाले, "रोह्याच्या एक मॅडम आल्या होत्या. तुमचं काम त्यांनीच केलंय म्हणतात, पण त्यावर नाव काही दिसत नाही. खरं आहे का?"

व्यापारी समोरच चहा पीत बसला होता. कान माझ्याकडेच होते त्याचे.

"नाही हो," मी म्हणालो, "मुंबईला करून घेतलंय."

फोन ठेवला आणि त्याच क्षणी कळलं, आपण काय केलं ते. नाव काढलं तेव्हा मी तिचं श्रेय खाल्लं होतं. आता तिला खोटारडी ठरवलं होतं. तेही भिडेपोटी, अर्ध्या कप चहाच्या वेळात. परत फोन करून खरं सांगता आलं असतं. व्यापारी गेल्यावरही सांगता आलं असतं. मी फोन नाही केला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती घरची मूर्ती न्यायला आली. आधीच सांगून ठेवलेली होती. धाटावचं काम तिला मिळालं नाही, हे मला रोह्याच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. ती माझ्याकडे बघून नेहमीसारखी हसली नाही, रुसलीही नाही. माझ्या वडिलांना म्हणाली, "बाबा, मागं नाव हाय ना कारखान्याचं? आमच्याकडं सगळी विचारतात, कुनाची मूर्ती."

वडिलांना केवढा आनंद! त्यांनी पाट अलगद फिरवून तिला नाव दाखवलं. "हे बघ, हाय! मुंबईवाले खरवडून टाकतात गो. दुसऱ्याच्या हातचं काम आणि नाव आपलं. चोर मेले!"

"व्हय बाबा," ती म्हणाली. "नाव राहायला पायजे."

माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिथल्या तिथे, वडिलांसमोर, मला बोलायला हवं होतं. मूर्तीचं तोंड झाकायला रुमाल आणतो म्हणून मी आत गेलो, आणि तिची रिक्षा सुटल्याचा आवाज येईपर्यंत रुमाल हातात धरून आतच उभा राहिलो.