मठाच्या दारावरची पाटी

लाहौल आणि लाहोर यांत फरक आहे, हे मला भरसभेत एका जर्मन माणसाकडून कळलं. "लाहौल कुठे आहे, कोणाला माहितेय?" असं वक्त्याने विचारलं आणि हॉलमधला एकमेव भारतीय पुरुष या नात्याने मी उभा राहून खणखणीत सांगितलं, "पाकिस्तानात!"

"हिमाचल प्रदेशात. भारतात," तो म्हणाला. तापातल्या माणसाशी बोलावं तसं, हळू. बायकोने कोट ओढून मला खाली बसवलं.

ती पुण्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवायची. माझ्या नोकरीपायी जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या या गावात आली आणि तिचा भूगोल माळ्यावर पडला. जर्मन मात्र तिने माझ्यापेक्षा शुद्ध करून घेतली. आता इथल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्यांच्या संध्याकाळच्या शाळेत, हिमालयावर एक कोर्स मिळावा म्हणून तिने अर्ज केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "आधी आमचे तज्ज्ञ कसे बोलतात ते ऐकायला या." म्हणून आम्ही आलो होतो. तोंड उघडायचं नाही, अशी मला घरूनच ताकीद होती. ती मी किती पाळली ते वर आलंच आहे.

तज्ज्ञ म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. भाड्याच्या मोटरसायकलवरून लाहौल-स्पिती फिरून आलेले. तेवढ्या भांडवलावर त्यांनी गळ्यात मण्यांची माळ आणि आवाजात गुहेतला घुमारा कमावला होता. प्रत्येक स्लाइडला डोळे मिटायचे. फोटो स्वतःचाच, आणि बघायचा नाही! "इथे सरकार नाही. कचेऱ्या नाहीत. माणूस आणि आकाश यांच्यामध्ये कोणी नाही." श्रोते सुस्कारे सोडत होते. घर बदललं की नोंदणीला धावणारी, बाटलीचं झाकणसुद्धा योग्य डब्यात टाकणारी ही माणसं. सरकार नाही म्हटल्यावर विरघळलीच.

मग एका पाटीचा फोटो आला. "मठाचं दार. वर प्राचीन प्रार्थना." पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले.

देवनागरी वाचणारे तिथे आम्ही दोघंच. पाटीवर लिहिलं होतं: कार्यालय तहसीलदार, काज़ा. खाली बारीक अक्षरांत जेवणाच्या सुट्टीची वेळ.

मी रुमाल तोंडात कोंबला.

"हसलास तर बघ," बायको पुटपुटली. "कोर्स जाईल माझा."

शेवटी शाळेच्या बाईंनीच तिला विचारलं, "तुम्ही भूगोलाच्या ना? दोन शब्द बोलता?"

'फारच सुंदर' म्हणून खाली बसली असती तर काम झालं होतं. ती उठली. 

"लाहौल आणि स्पिती मिळून एक जिल्हा आहे," ती म्हणाली. "मध्ये कुंझुमची खिंड. हिवाळ्यात ती बर्फाने बंद. समजा, तुमचं लांड्राट्सआम्ट, तुमची जिल्हा कचेरी, डोंगरापलीकडे आहे आणि रस्ताच नाही. काय कराल? म्हणून जिल्हाधिकारी लाहौलमध्ये केलाँगला आणि स्पितीसाठी काझाला वेगळा वरिष्ठ अधिकारी, बऱ्याच बाबतींत तिथेच निर्णय घेणारा. सरकार आहे. चांगलं विचार करून बसवलेलं आहे." मग ती तज्ज्ञांकडे वळली. "आणि ही प्रार्थना नाही. तहसील कचेरी आहे. खाली जेवणाची सुट्टी लिहिलीय."

आजींनी जोडलेले हात हळूच पर्समध्ये घातले.

तज्ज्ञांनी प्रथमच डोळे नीट उघडले. "मी ते हृदयाने वाचलं होतं," ते म्हणाले, आणि या वाक्याला टाळ्या पडल्या! मला तर वाटलं, जगात मीच एक मूर्ख नाही याचा पुरावा म्हणून हा हॉल घरी न्यावा.

नंतर बाई तिला बाजूला घेऊन गेल्या. ऐकू सगळं येत होतं. "गेनाऊ, अगदी बरोबर, फार माहितीपूर्ण. पण आल्झो, म्हणजे, आमच्या लोकांना हिमालय हवा असतो, कचेऱ्या नकोत. तुम्ही स्वयंपाकाचा कोर्स घ्याल? डाळ वगैरे?"

पार्किंगमध्ये मी त्या बाईंचा, तज्ज्ञांचा आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचा मराठीत मोकळेपणी उद्धार केला. "स्पष्ट नाही म्हणालीस ना?"

"हो म्हणून आले," बायको सीटबेल्ट लावत म्हणाली. "कुकर नाही नेणार. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला किती वेळ लागतो, माहितेय तुला? अख्खा हिमाचल शिकवून होतो तेवढ्यात, जिल्ह्यांसकट."