काशीच्या मनगटावरची लाल चिंधी

माझ्या बहिणीनं चाळीस वर्षांत मला एकदाही हाक मारली नाही.

आज सकाळी ती गेली.

काशी. माझ्याहून अठरा वर्षांनी धाकटी. न्यूमोनिया झाला होता. कुठं दुखतंय ते तिला सांगता यायचं नाही. आम्हाला कळेपर्यंत चार दिवस गेले.

तिच्या बाबतीत सगळंच उशिरा कळलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

आज खरं लिहिते.

आमचं घर मेंढपाळांचं. बोरीच्या पुढं माळावर वस्ती. घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली.

तेव्हा परभणीला कॉलेजात होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस. होस्टेलच्या ओट्यावर बसून आम्ही मुली समाज बदलायच्या गोष्टी करायचो. मला ते सगळं मनापासून खरं वाटायचं. अजून वाटतं.

सुट्टीत घरी आले. काशी दोन वर्षांची होती. चुलीजवळ बसून एक ताटली गरागरा फिरवत होती. थांबली की पुन्हा फिरवायची. तासभर तेच.

आबा, आमचे वडील, दारातून म्हणाले, "शांते, हिला हाक लागत न्हाई."

"म्हंजे?"

"एखाद्या कोकराला लागत न्हाई, तसं. माय वरडती अन् हे भलतीकडंच बघतंय."

सांजेला कळप परत आला की कोकरं सोडतात. एवढ्या मेंढ्यांच्या गलक्यात प्रत्येक कोकरू आपल्या आईच्या आवाजाकडं धावतं. एखादं मात्र नुसतं उभं राहतं. आबांना ते एक-दोन दिवसांतच दिसायचं. मग ते मायच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी त्याच्या गळ्यात बांधायचे.

ती चिंधी म्हणजे घरातल्या सगळ्यांना निरोप. याच्यावर ओरडू नका, काठी दाखवू नका. याला हातानं धरून आईला लावा. रोज, त्याच वेळी, त्याच जागी.

"आबा, ती लेकरू हाय," मी म्हणाले. "मेंढरू न्हाई."

तरी तिला जिंतूरला डॉक्टरांकडं नेलं. आबा सोबत होते. डॉक्टरांनी काशीच्या मागं जाऊन टाळी वाजवली. ती दचकली.

"ऐकू येतंय की. बोलेल. घाई काय आहे?"

आबा हात जोडून म्हणाले, "टाळी ऐकती, सायेब. हाक ऐकत न्हाई."

"मग टाळी वाजवून बोलवत जा."

डॉक्टर हसले.

मीही हसले. आबांच्या शेजारी उभी राहून.

दोन दिवसांनी काशीच्या मनगटावर लाल चिंधी दिसली. माझं डोकंच फिरलं.

"मी तिकडं माणसाला माणूस म्हणा म्हणून घोषणा द्यायले, अन् तुमी पोटच्या पोरीला मेंढराची चिंधी बांधता?"

"अगं, खूण हाय ती. ध्यान ऱ्हावं म्हणून..."

माय मध्ये बोलली, "तुमी गप बसा जी. शिकलेली हाय ती. तिला कळतंय."

मी कात्रीनं चिंधी कापली. आबा बघत राहिले. पुन्हा त्यांनी बांधली नाही.

चिंधी गेली आणि काशी घरात हट्टी पोर ठरली. हाकेला वळंना म्हणून मायचा मार खायची. अंगणवाडीतून दोनदा परत पाठवली. वजन चांगलं भरायचं, म्हणून तिथल्या कार्डावर शेरा होता, निरोगी. वस्तीवरचा शेरा, येडी.

मी सुट्टीला आले की सांगायचे, बोलेल, डॉक्टर म्हणालेत ना.

एकटे आबाच तिला लांबून हाक मारायचे नाहीत. समोर जाऊन उकिडवे बसायचे, तिचा हात धरायचे, मग बोलायचे. रोज एकाच वाटेनं मेंढरांमागं न्यायचे. त्या वाटेवर ती कधी रडली नाही.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षी आबांना सोबत घेऊन मी तिला औरंगाबादला नेलं. काशी दहा वर्षांची होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुरे दोन तास दिले, मग एक शब्द सांगितला. ऑटिझम.

आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पिशवीच्या कागदावर लिहून घेतला.

"दोन-अडीच वर्षांची असताना आणली असती तर बरंच शिकवता आलं असतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

आबा शेजारच्याच बाकावर होते. काशीची बोटं हातात धरून. त्यांनी ऐकलं.

परतताना एसटीत जालना गेलं, मंठा गेलं. मग आबांनी खिशातून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या.

"तू काय मुद्दाम केलंस व्हय? खा. सकाळपासून उपाशी हायस."

मी खाल्ल्या. चूक झाली, एवढं मात्र म्हणाले नाही. त्या दिवशी नाही, आबा गेले त्या दिवशीही नाही.

पुढची तीस वर्षं काशी माझ्याजवळ होती. भांडी घासायला शिकली. कपड्यांच्या घड्या माझ्याहून सरळ घालायची. लवकर सुरुवात झाली असती तर आणखी काय काय शिकली असती, हा हिशोब मी करत नाही. जमत नाही.

मी अजूनही आसपासच्या अंगणवाड्यांत जाते. वजन झाल्यावर विचारते, लेकरू हाकेला वळतंय का? आणि कोपऱ्यातला एखादा म्हातारा काही सांगायला लागला की सगळ्यांना गप करते.

तुमच्या घरात असं कुणी सांगत असेल तर ऐका. त्यांची शाळा किती झाली ते विचारू नका.

त्या डॉक्टरीणबाई आता कुठं असतील माहीत नाही. मला माझं उत्तर बदलायचं आहे.

लक्षात आलं होतं, बाई. माझ्या आबांच्या लक्षात आलं होतं.

काशी, जा.

तिथं आबा असतील. लांबून हाक मारणार नाहीत ते. समोर येऊन बसतील, तुझा हात धरतील.