एक नंबरचं टेबल

"हात धुवायला काय होतं हो तुम्हा लोकांना?"

आमचे मालक केयूरसाहेब सगळ्यांसमोर तरन्नुमला हे बोलले, तेव्हा मी तिथेच शेगडीवर रोपांचं खाद्य ढवळत होते. हातातला गरम डाव त्यांच्या तोंडावर मारावा असं वाटलं. मारला नाही. गप्प राहिले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तरन्नुम चौदा वर्षं कोथरूडच्या आमच्या लॅबमध्ये डाळिंबाची रोपं करत होती. नखाएवढा कोंब चिमट्यात धरायचा, कापायचा आणि मी शिजवलेल्या खाद्याच्या बाटलीत उभा करायचा. एकाचे चार, चाराचे सोळा. बुरशीचा कण आत गेला की बाटली संपली. म्हणून बांगडी नाही, नखं नाहीत, मेंदी नाही. अहो, या बाईने स्वतःच्या लग्नात मेंदी लावली नाही! सासू रुसून बसली. "मंदाताई, चारच दिवसांची रजा होती, रंग कधी उतरणार?" एवढंच म्हणाली. तिच्या बाटल्या सगळ्यात कमी बिघडायच्या, म्हणून एक नंबरचं टेबल तिचं.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट ऐका. खंडेनवमीला यंत्रांची पूजा. कापणाऱ्या बायकांना सुट्टी होती, मला मात्र पूजेला बोलावलेलं. साहेबांना फोटो हवा होता, आणि फोटोत उठून दिसायला एक नंबरचंच टेबल हवं होतं. त्या टेबलाच्या मागच्या बाजूला पांढरी गाळणी असते, तिच्यातून स्वच्छ हवा कोंबांवर येते. मी मूर्ख बाई! तिच्यावरची जाळी काढून नारळाचं पाणी शिंपडलं आणि हळदकुंकवाची पाच बोटं थेट त्या गाळणीवर ओढली. "जरा ठळक ओढा, दिसत नाहीयेत," साहेब म्हणाले. मी दाबून ओढली. फोटो झाल्यावर साहेबांनी टेबल पुसून घेतलं आणि गाळणीवर तिची जाळी बसवून टाकली.

दसरा झाला, तरन्नुम कामाला बसली. आठ दिवसांत चारशे बाटल्यांत काळी बुरशी. प्रत्येक झाकणावर कापणारीचं अक्षर असतं, तिथे तिचंच होतं. झालं! चौदा वर्षं गेली खड्ड्यात. साहेबांच्या तोंडून ते वाक्य तेव्हा निघालं. तरन्नुमने अॅप्रन काढला, घडी घातली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली.

तिच्या जागी दुसरी बसवली. तिच्याही बाटल्या काळ्या. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. जाळी उघडायला लावली. आतली गाळणी बुरशीने काळी पडली होती आणि मधोमध माझी पाच बोटं.

"बघा साहेब. बोटं माझी, हुकूम तुमचा. आता सांगा, हात कुणाचे घाण?"

काम मागे पडून बाकीच्या टेबलांवरचे कोंबही पिवळे पडायला लागले होते. वेळेत दुसऱ्या बाटलीत हलवले नाहीत तर मरणार, आणि तरन्नुमइतका भरभर हात कुणाचाच चालत नाही. गरज पडल्यावर बरोबर तिला फोन गेला, गाळणीचं सगळं सांगून.

तरन्नुम आली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी, गडद रंगलेली.

"झालं गेलं विसरा. आजपासून बसा," साहेब म्हणाले. माफीचा एक शब्द नाही.

"कशी बसू? मेंदी आहे. नियम तुमचाच."

"किती दिवसांत उतरेल?"

"उतरली की परत लावणार. मी माझा चिमटा न्यायला आलेय. आणि हो, हात धुतलेत."

मनात म्हटलं, शाब्बास गं! बाहेर पडताना ती माझ्या शेगडीपाशी आली. मी हसून तिचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला.

"मंदाताई, बोटं नंतर दाखवलीत. ते मला 'तुम्हा लोकांना' म्हणाले तेव्हा तुमचं तोंड कुठे होतं?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. बिबवेवाडीची बस पकडायची होती तिला.