रेलिंग नसलेला उतार

बर्फावरून घसरल्याने शरीर आणि आत्मा दोन्हींचं पोषण होतं, असं माझ्या बायकोने कुठेतरी वाचलं आणि सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात, पंख्याखाली, घामाने भिजलेल्या गंजीत मी ते ऐकून घेतलं. शरीराचं पोषण खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांनी नको तितकं केलेलं होतंच. आत्म्याची मात्र बऱ्याच वर्षांत कुणी चौकशी केली नव्हती, त्याला जरा बरं वाटलं असावं.

खरा मुद्दा वेगळा होता. आमची लेक सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी ती शिकायला परदेशी जाणार, आणि हल्ली माझ्या लांबलचक बोलण्याची 'ओके लाह' एवढ्या दोन सिंगापुरी शब्दांवर बोळवण करते. डिसेंबरात जपानला, होक्काइदोला स्कीइंगला जायचं म्हटल्यावर मात्र तिने फोनमधून मान वर काढली. तिची अट होती : शेवटच्या दिवशी बाबाने तिच्याबरोबर एक उतार वरपासून खालपर्यंत उतरायचा आणि सेफ्टीवर एक शब्द बोलायचा नाही. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, की ही बहुधा तिची आपल्याबरोबरची शेवटची ट्रिप, तेव्हा भाषणं देऊन वाया घालवू नकोस.

आता सेफ्टीवर भाषणं देणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. जुरोंग आयलंडवर आमच्या प्लांटमध्ये रेलिंग धरल्याशिवाय कुणी तीन पायऱ्याही उतरत नाही. उतरलाच, तर मी त्याला पुन्हा वर पाठवतो. ही सवय इतकी अंगात मुरलीय की मॉलच्या सरकत्या जिन्यावरही मी मागे रेलून, पट्टा घट्ट धरून उभा असतो. लेक दोन पायऱ्या खाली, ओळख नसल्यासारखी.

सराव आम्ही मॉलमध्येच केला. तिथे एक भलामोठा तिरका गालिचा वर सरकत असतो, त्यावर आपण खाली घसरायचं, म्हणजे जिथल्या तिथे राहतो. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला ते तंत्र नवं नव्हतं. बाहेर तेहतीस डिग्री, शेजारी बबल टीचं दुकान, समोर आरशात मी. निसर्गाचं सान्निध्य ते हेच असावं. धरायला आडवा दांडा होता. वेळ संपल्यावर शिकवणाऱ्या बाईंना तो माझ्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला.

होक्काइदोत पहिले तीन दिवस मी बालवाडीच्या उतारावर घालवले. गुडघ्याएवढी जपानी पोरं मला वळसा घालून जात. शेवटच्या दिवशी लिफ्टने वर पोचलो आणि माझी नजर आपसूक रेलिंग शोधू लागली. होतं ते नुसतं पांढरं. मी सवयीने मागे रेललो, स्की पुढे पळाल्या, मी मागेच राहिलो. असं तीनदा झालं. लेक दर वेळी थोडी खाली जाऊन थांबायची.

"बाबा, मागे का रेलतोस?"

"म्हणजे पडलो तर..." एवढं बोललो आणि अट आठवून गप्प बसलो.

"रेललास की त्या सुटतात. पुढे झुक. उताराकडे."

ज्याने वीस वर्षं लोकांना नेमकं उलटं शिकवलं, त्याला हे ऐकवणं म्हणजे क्रौर्य. पण झुकलो, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की स्की माझं ऐकू लागल्या.

अर्ध्यावर मी दम खायला बर्फातच बसलो. तीही बसली. प्लांटची घरघर माझ्या कानांत कायमची असते, तिथे ती नव्हती. बर्चच्या फांदीवरून बर्फ सुटला तोसुद्धा ऐकू आला.

मग ती समोर बघत म्हणाली, "मलापण भीती वाटते रे, एकटं जायची."

किती महिन्यांनी तिच्या तोंडून पुरं मराठी वाक्य आलं होतं. माझ्याकडे त्यावर मुद्देसूद भाषण तयार होतं : दाराचं कुलूप, गॅस, रात्रीचा प्रवास. ते मी गिळलं.

"ओके लाह," मी म्हटलं.

ती हसून लोळायची बाकी राहिली. मग उठून तिने मला हात दिला. लोक पाच मिनिटांत उतरतात तो उतार आम्ही पाऊण तासात उतरलो. खाली बायकोने फोटो काढला, त्यात मी आडवा आहे.

शरीराचं म्हणाल तर गुडघा अजून दुखतो. यिशुनला परतल्यावर पहिल्याच रविवारी मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्यावर मी पट्टा धरला, मागे रेललो. लेक आता एकच पायरी खाली उभी होती.