मुरबे किनाऱ्याचं रिकामं चित्र

समुद्र बघायचा म्हटलं की लोक अलिबाग गाठतात. आम्ही बोईसरला गेलो. नाशिकला आमचा चार-पाच जणांचा चित्रगट आहे. दर रविवारी कुठल्यातरी बाजारात नाहीतर एसटी स्टँडवर बसायचं आणि माणसं रोज जे करतात तेच काढायचं. समोर दिसेल तेवढंच, मनाचं काही घालायचं नाही. तेच ते बाजार आणि तेच स्टँड काढून माझा हात पार विटला होता, म्हणून या हिवाळ्यात मी आणि मिलिंद निघालो. बाकीच्यांनी कारणं सांगितली.

गाडी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत उतरते. वळणांनी मळमळत असेल तर पुढची सीट धरा. जव्हारला भजी खा, चहा टाळा. वाटेत बोचकी घेतलेली कुटुंबंच्या कुटुंबं चढत होती, कामाच्या शोधात खाली निघालेली. मी वही उघडली, पण ती बघून त्यांतल्या एका बाईने तोंड फिरवलं. मी वही मिटून टाकली.

बोईसरला स्टेशनजवळ साताआठशेत खोली मिळते. पैसे देण्याआधी खिडकी उघडून वास घेऊन बघा. संध्याकाळी कुंभवलीकडच्या रस्त्याला एका टपरीवर बसलो. कारखान्यांची पाळी सुटली होती. डबे, सायकली, खच्चून भरलेल्या रिक्षा. एक कामगार मिलिंदच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "ये क्या बना रहे हो साहब? ये तो रोज का है."

"रोज का ही बनाते हैं," मिलिंद म्हणाला.

"तो बनाते रहो," म्हणत तो रिक्षात कोंबून बसला. आमची दोन्ही चित्रं चांगली उतरली होती आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

सकाळी रिक्षाने मुरब्याला गेलो. परतीच्या रिक्षाची आधीच चौकशी करून ठेवा. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या लांबच लांब रांगा आहेत, त्यांना इथे वलांडी म्हणतात. बहुतेक रिकाम्याच होत्या. खाली दहा-बारा बायका टोपल्या घेऊन मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांतल्या एक साठीच्या काकू माझी वही बघून ताडकन उठल्या.

"तुमी मोजनीवाल्या का?"

"नाही काकू, आम्ही चित्रं काढतो."

मग त्यांचा आवाज उतरला. "बंदर येनार म्हनतात. मागं मानसं येऊन मोजून गेली. कागदावर लिवलंय, जागा मोकळी हाय, कोन वापरत नाय. मंग आमी कोन?" लवकरच सरकारी माणसांबरोबर बैठक होती. "फोटो दावले तं म्हनतात जुने हायत. तुमी भायेरच्या, तुमचं मानतील. काढा बाई, आमी इथं असतो ते."

चित्रासाठी इतक्या आशेने माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. मी वाळूत फतकल मारून बसले. काढत गेले, तशा एकेक करून बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. "बांबू कसा हुबेहूब काढलाय बग," असं कोणीतरी म्हणालं. खरं सांगते, मी सुखावले. आमची चित्रं एरवी बघतं कोण?

झालेलं चित्र काकूंच्या हातात दिलं. वलांडी, वाळू, टोपल्या, लांबवर दोन होड्या. त्यांनी त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"आमी कुटं हाव यात?"

"तुम्ही सगळ्या माझ्या मागे उभ्या होतात," मी म्हणाले.

काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मंग त्यांचंच खरं हाय," एवढंच म्हणाल्या.

पुन्हा काढते म्हटलं, पण ऊन चढलं होतं आणि बाकीच्या टोपल्या उचलून घरी निघाल्या होत्या. मिलिंदने काकूंना वलांडीजवळ उभं केलं आणि मी काढायला बसले. रेशनकार्डाच्या फोटोला राहावं तशा त्या हात खाली सोडून ताठ उभ्या राहिल्या. एवढ्या थोरल्या रिकाम्या रांगेत एकटी बाई. हे चित्र पहिल्यापेक्षा ओसाड दिसत होतं. त्यांनी ते घडी घालून कमरेला खोचलं आणि टोपली उचलून त्या गेल्या.

बोईसरला मासळीची थाळी चांगली मिळते, असं मिलिंद म्हणतो. मी चहावरच भागवलं.

नाशिकला येऊन आता महिना होतोय. बैठकीत काय झालं हे विचारायला काकूंचा नंबरसुद्धा मी घेतलेला नाही. हातात कसब असून ऐन वेळी ते कुचकामी ठरतं, एवढंच मी घेऊन आले. पहिलं चित्र गटातल्या कोणीतरी फेसबुकवर टाकलं. आजवर माझ्या कुठल्याच चित्राला इतकी दाद मिळाली नव्हती. 'काय निवांत किनारा!' 'इथे तर चिटपाखरूही नाही, कसा शोधलात?'

मी खाली लिहिलं, की दहा-बारा बायका माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यावर कोणीतरी हसरा चेहरा टाकला.